घासलेला कोयता

मला पकडलं तेव्हा पिशवीत कपड्यांचा एक जोड होता, आईसाठी घेतलेलं लुगडं होतं आणि लाल फडक्यात गुंडाळलेला माझा कोयता होता. केळीच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याचा एसटी स्टँड. रावेरपासून फार लांब नाही, एवढंच सांगतो. गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांचीही लिहिणार नाही. ज्यांनी माझं वाईट केलं ते अजून नोकरीत असतील, आणि ज्यांनी चांगलं केलं त्यांना आपलं नाव माझ्या तोंडी आलेलं आवडणार नाही.

मी पिंपळनेरच्या वरच्या अंगाचा. डोंगराच्या पायथ्याशी आमची शेती, पाऊस पडला तर पिकते. सातवीत शाळा सोडली आणि मोठ्या माणसांच्या मागे केळी कापायला इकडे पूर्वेला आलो. दोन्हीकडे खानदेशच म्हणतात, पण मला तो परमुलूख होता. तिकडं डोंगर मावळतीला, इकडं सातपुडा उत्तरेला. पहिले काही महिने मला दिशाच कळत नसत. माझ्या बोलण्यात वाक्यागणिक 'आहे'च्या जागी 'शे' येतं, म्हणून टोळीतले मला 'शे-शे' म्हणत. "ओ शे-शे, पाणी दे." चार मोसम झाले तरी माझं नाव फक्त मुकादमाच्या हजेरीत होतं.

केळी कापणाऱ्या प्रत्येकाचा कोयता स्वतःचा असतो. दुसऱ्याच्या कोयत्याला हात लावला तर भांडण होतं. माझा ट्रकच्या जुन्या पाट्यापासून गावाकडच्या लोहारानं केलेला, थोडा बाकदार, पुढे जड. एका घावात घडाचा दांडा तुटला पाहिजे. दोन घाव लागले तर घडाला हिसका बसतो, खांद्यावर झेलणारा माणूस शिव्या देतो आणि केळ्याला मार लागतो. कापताना जो चीक गळतो तो काळा पडतो. कपड्यावर पडला तर कपडा फाटेपर्यंत जात नाही. कोयत्यावर तर थर चढतात. मोसमात आमचे सगळ्यांचे कोयते डांबरात बुडवून काढल्यासारखे दिसत. फक्त धारेची एक रेघ पांढरी.

आता आमच्या घरची रीत सांगतो, कारण सगळं त्यावरूनच झालं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या घरात झाडून सगळी हत्यारं देवापुढे मांडतात. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, आईची पाटी-खुरपी, सगळं. त्याला हळदकुंकू, झेंडूचं फूल. घरातला माणूस परगावी कमावायला गेला असेल तर त्यानं आपलं हत्यार घेऊन घरी यायचं. माणूस आला आणि हत्यार मागे राहिलं, तर माझा बाप विचारणार, "हत्यार काय गहाण टाकं का?" आणि देवापुढे ठेवायचं हत्यार मळकं चालत नाही. म्हणून निघायच्या आधी मी बागेतल्या टाकीवर बसून कोयता रॉकेल आणि विटेच्या भुकटीनं घासला. चिकाचा एकेक थर खरवडला. जुनी मूठ काढून नवी बसवली, तेल लावलं. इतका उजळला की टोळीतल्या एकानं त्यात बघून भांग पाडला.

बाकीचे लोक आपले कोयते मुकादमाच्या टेम्पोतल्या पेटीत ठेवत आणि पूजा तिथंच होई. मुकादम म्हणाला, "ठेव ना रे भो इथंच, मी वाहीन फूल." मी म्हटलं, घरी न्यायचाय. तो म्हणाला, "ने मंग. तुमचं सगळंच येगळं राह्यतं."

नवरात्राच्या मिरवणुकांमुळं शस्त्रबंदीचा आदेश लागलेला होता. असे आदेश कुठं लागतात, कोण वाचतं, मला आजही माहीत नाही.

स्टँडवर पिशव्या तपासत होते. हवालदार जाड मिशांचा, कपाळावर देवीचा टिळा. त्यानं फडक्यावर काठी टेकवली.

"काय आहे?"

"कोयता शे साहेब."

"कुठं निघाला?"

"घर. देवपुढे ठेवाना शे."

तो शेजारच्या शिपायाकडं वळला. "ऐक. बळी द्यायला चाललाय." दोघं हसले. मग त्यानं फडकं सोडलं आणि उन्हात पातं चमकलं. त्याचं हसू गेलं. "याच्यानं केळी कापतो? याच्यानं माझी दाढी होईल. नवा कोरा घेतला. कोणासाठी?"

मी म्हणालो, घासलाय. तो म्हणाला, "घासशीलच."

समोरच्या पानटपरीवाल्याला हाक मारली. तो चुन्याची बोटं पुसत आला, कागद न वाचता सही केली आणि परत जाऊन पान लावायला लागला. पुढं कळलं, याला पंच म्हणतात. माझ्याकडं काय सापडलं हे त्यानं पाहिलं, असं तो कागद सांगत होता. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नव्हतं.

नंतर मला कागदाची नक्कल मिळाली. मला वाचता येतं, सावकाश येतं. 'सदर इसम विनापरवाना एक धारदार, नवीन, चकचकीत लोखंडी कोयता कब्जात बाळगताना मिळून आला.' मी कुठं हरवलो होतो म्हणून मिळून आलो, असं वाटत राहिलं. दोन कलमं लागली होती, एक शस्त्रांच्या कायद्याचं आणि एक बंदी मोडल्याचं.

दसरा मी कोठडीत काढला. जामिनाला स्थानिक माणूस लागतो, ज्याच्या नावावर जमीन आहे असा. माझं तिथं मुकादमाशिवाय कोणी नव्हतं. तो आला, सातबारा ठेवला, सही केली. हे त्यानं केलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्यानंही विसरू दिलं नाही. त्यानंतर बागेत कोणी माझ्याशी वाद घातला की मुकादम लांबून ओरडे, "अरे त्याच्या नादी नको लागू, तो माझ्या जमिनीवर सुटेल हाये. पळून गेला त मी भिकारी." सगळे हसत. सुटीच्या दिवशी स्टँडकडं गेलो तरी विचारी, "कुठं चालला, शस्त्रधारी?" मी परत येई. त्याचे उपकार होते म्हणून मी गप्प बसे, आणि गप्प बसावं लागे म्हणून त्याचा राग येई. दोन्ही एकाच पोटात.

या सगळ्याच्या आधीपासून माझं एक ठरत आलेलं होतं. माझा मावसभाऊ भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीजकेंद्रात एका ठेकेदाराकडं राख उचलण्याच्या कामावर होता. बारमाही काम, सुटी, आजारपणात कोणी विचारणारं. केळीचं काम म्हणजे माल असेल तर आहे, आणि वारा सुटून बागा आडव्या झाल्या की नाही. ठेकेदारानं माझ्यासाठी जागा ठेवतो म्हटलं होतं. फक्त गेटचा पास लागतो आणि पासाला पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. केस झाल्याचं कळल्यावर त्यानं मावसभावाबरोबर निरोप पाठवला: केस निकाली काढून ये, थांबतो, पण शिक्षा झाली असेल तर येऊ नको. मला दुसरं कोणी कुठं बोलावत नव्हतं. त्यामुळं माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं, शिक्षा लागली नाही पाहिजे.

आणि कोर्टात जो तो शिक्षा घेऊन घरी चालला होता.

हे मी व्हरांड्यात बसून पाहिलं. तारखेला सकाळी जायचं, पुकारा होईपर्यंत बसायचं, दुपार टळली की पुढची तारीख घेऊन परत. तेवढ्या वेळात माझ्यासारखीच कलमं लागलेले किती तरी जण आले आणि मोकळे झाले. वाढदिवसाचा केक तलवारीनं कापून मोबाइलवर टाकणारी पोरं आली, इस्त्रीचे शर्ट घालून. लग्नात नवरदेवाच्या हातातली कट्यार काढून नाचणारा नवरदेवाचा काका आला. भांडणात सुरा दाखवणारा आला. त्यांचं ठरलेलं असे. आत जायचं, न्यायाधीशानं विचारलं की हात जोडून 'कबूल' म्हणायचं, चूक झाली, घरात म्हातारी आई आहे, पुन्हा होणार नाही. मग न्यायाधीश वकिलाचं ऐकत, कारण लिहीत आणि दंड करत. वर शिक्षा, कोर्ट उठेपर्यंत. म्हणजे त्या दिवशी कोर्ट चालेल तोवर मागच्या बाकावर बसून राहायचं. केकवाली पोरं बसली होती. एक जण झोपला, शिपायानं त्याला कोपर मारलं. संध्याकाळी न्यायाधीश उठले आणि हे सुटले. झाली शिक्षा भोगून. बाहेर मोटारसायकली उभ्याच होत्या.

गावठी कट्टेवाल्यांचं असं चालत नसे. सातपुड्यापलीकडून आणलेलं पिस्तूल सापडलं की जामीनच मिळत नाही लवकर. त्यांना बेडी घालून आणत, आणि तेच सगळ्यांत निवांत असत. त्यातल्या एकानं मला विचारलं होतं, "तुझ्याकडं काय सापडलं?" मी सांगितलं. तो शेजारच्याला म्हणाला, "कोयता. भाजी चिरायचा." मला इतका राग आला की मी त्याला सांगितलं, तुझ्या कट्ट्यापेक्षा माझ्या कोयत्यानं जास्त पोटं भरलीत. तो म्हणाला, "मग सांग ना आत जाऊन."

मुकादमाचं म्हणणं एकच होतं. "कबूल म्हण अन् मोकळा हो. सांजच्याला घरी. मह्या सातबाऱ्याला किती दिस लोंबकळशीन?" त्याला पासाचं सांगितलं तर म्हणाला, "केळी काय वाईट हाये?"

वकील मला फुकटातला मिळाला, सरकारी मदतीतून. बाई होत्या. वयानं माझ्या आईएवढ्या, काळ्या कोटाची बाही उसवलेली, हातात कायम दुसऱ्याच कोणाची फाइल. त्यांच्याएवढं टाकून बोलणारं माणूस मी पाहिलं नाही. पहिल्या भेटीत मी पाया पडायला वाकलो तर म्हणाल्या, "उभा राहा. माझ्या पायात काही सापडणार नाही तुला. काय झालं ते सांग, आणि थोडक्यात."

मी सांगितलं. खंडेनवमी, घरची रीत, घासणं, सगळं.  त्यांनी कागद वाचला आणि डोक्याला हात लावला.

"काळा राहिला असता तर शेंबडं पोरगंही म्हणालं असतं, केळीचा कोयता आहे. तू विटेनं घासून स्वतःच्या हातानं स्वतःविरुद्ध पुरावा तयार केलास. असं कोणी करतं?"

"देवापुढे मळका कसा ठेवणार बाई?"

"देवानं काय केलं मग? आला का जामिनाला?"



मग त्यांनी समजावलं, तेही रागानंच. शेतीच्या कामाचं हत्यार त्या कायद्यात धरत नाहीत, पण ते शेतीचं आहे हे दिसलं पाहिजे. कायद्यात कमीत कमी शिक्षा लिहिलेली आहे, ती न्यायाधीश कारण देऊन कमी करतात. करतीलच असं नाही. आणि कितीही कमी केली, अगदी संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं, तरी नावापुढं 'शिक्षा' हा शब्द लागतो. "तो शब्द तुझ्या गेटवाल्याला दिसणार. तुला चालेल?"

"नाही."

"मग लढायचं. आणि सोपं लढायचं. तुझ्याकडून काही जप्तच झालं नाही. कोयता तुझा नाही. पोलिसांनी आणून दाखवला. सगळे हेच म्हणतात, आणि हेच टिकतं."

मी म्हणालो, पण तो माझाच आहे.

"मला माहीत आहे तुझा आहे. तिथं म्हणू नको एवढंच."

मला ते जमेना. खोटं बोलायची लाज होती असं नाही. पोटासाठी मी पुष्कळ खोटं बोललो आहे. पण आमच्यात हत्यार नाकारत नाहीत. ज्याला वर्षातून एकदा हळदकुंकू लावतो, ज्याच्यावर भाकरी, त्याच्याकडं बोट दाखवून 'हे माझं नाही' म्हणायचं, तेही भर कोर्टात? मला वाटलं, हात गळून पडेल. मी तसं सांगितलं. बाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडं असं पाहिलं की मुकादम बरा.

"तुझ्यासारखे चार आले ना, तर मी वकिली सोडून केळी कापायला येईन," म्हणाल्या. "जा. पुढच्या तारखेला ये. आणि तिथं विचारल्याशिवाय तोंड उघडलंस तर मी उठून जाईन."

मग आरोप वाचून दाखवायचा दिवस आला. न्यायाधीश तरुण होते. पुढं कागदांची रास. मान वर न करता विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" मागं मुकादम उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. त्या क्षणी मला सगळं संपवून टाकावंसं वाटलं. एक शब्द, मग संध्याकाळपर्यंत बाक. मी बाईंकडं पाहिलं. त्या दुसऱ्याच फाइलमध्ये काही शोधत होत्या.

"नाही साहेब," मी म्हणालो. "गुन्हा नाही कबूल. कोयता माझाच शे."

बाईंच्या हातातली फाइल बंद झाली. सरकारी वकील हसले. न्यायाधीशांनी पहिल्यांदा वर पाहिलं आणि म्हणाले, "फक्त कबूल आहे की नाही तेवढं सांगा." मी म्हटलं, नाही. त्यांनी लिहिलं.

बाहेर आल्यावर मुकादम माझ्याशी बोलला नाही. बाई बोलल्या, आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही.

केस पुढं दोन पावसाळे चालली. मी प्रत्येक तारखेला गेलो. कामाचे खाडे झाले, टोळीत माझी जागा मागं मागं गेली, कापणाऱ्याचा मी वाहणारा झालो. मुकादमानं दुसऱ्याचा जुना कोयता द्यायचंही नाकारलं. "तुह्या हातात लोखंड नाही देत म्या."

पानटपरीवाला साक्षीला आला. त्याच्यासमोर लाल फडकं ठेवलं. त्यातून माझा कोयता काढला आणि मी ओळखला नाही. गंज चढून लाल झाला होता. सरकारी वकिलांनी विचारलं, हा तुमच्यासमोर जप्त झाला का? तो म्हणाला, "सायबांनी बोलावलं, मी सही केली. आत काय होतं मला नाही माहीत." मग त्यांनी त्याला फितूर ठरवलं आणि झापलं. तो खाली उतरून माझ्या जवळून गेला तेव्हा पुटपुटला, "तुह्यासाठी नाही बोललो. दरवेळी मलेच बोलावतात, गिऱ्हाईक जातं."

मग हवालदार. बाईंनी त्याला बराच वेळ उभं ठेवलं. त्या व्हरांड्यात जशा बोलत तशाच तिथं बोलल्या. मला तेव्हा कळलं, हे बोलणं माझ्यासाठी वेगळं नव्हतं.

"कोयता केळी कापायचा नाही, हे कशावरून ठरवलंत?"

"चकचकीत होता."

"आता आहे का?"

"आता गंजला."

"मग आता तो शेतीचा झाला का?"

बाई उत्तरासाठी थांबल्या नाहीत.

"तुमच्या ठाण्यात दसऱ्याला शस्त्रपूजा होते?"

"होते."

"रायफली घासूनपुसून मांडता की तशाच?"

सरकारी वकील उठले. न्यायाधीश म्हणाले, हा प्रश्न नको. पण हवालदारानं तोवर उत्तर दिलं होतं. "पुसूनच मांडतो," म्हणाला, आणि त्याच वेळी माझ्याकडं बघितलं. इतक्या दिवसांत त्यानं माझ्याकडं माणूस म्हणून पाहिलं ते तेवढंच, आणि त्या पाहण्यात दया नव्हती.

"जप्तीनंतर मुद्देमालावर लाखेचं सील केलं होतं?"

"केलं असेल."

"पंचनाम्यात दाखवा कुठं लिहिलंय."

त्यानं कागद उलटसुलट केला. नव्हतं लिहिलेलं.

निकालाच्या दिवशी मी आंघोळ करून, काही न खाता गेलो. न्यायाधीशांनी भराभर वाचलं. निर्दोष. मला तो शब्द कळला आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. नंतर नकलेत वाचलं. सील नव्हतं, पंच फितूर, बंदीचा आदेश लोकांना कसा कळवला त्याचा पुरावा नाही, म्हणून संशयाचा फायदा देऊन आरोपीस मुक्त करण्यात येत आहे. मी ते पान बोट ठेवून ठेवून वाचलं. मी केळी कापतो, असं त्यात कुठंच नव्हतं. खंडेनवमी नव्हती. कोयता माझा आहे असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, त्याचीही ओळ नव्हती. लाख नव्हती म्हणून मी सुटलो. हवालदाराला त्या दिवशी लाखेची कांडी सापडली असती तर माझं खरं कोणाच्या कामाचं नव्हतं.

बाईंना मी हे म्हणून दाखवलं. म्हटलं, बाई, खरं तर त्यात नाहीच.

"खरं हवं होतं का पास हवा होता?" त्या म्हणाल्या. "अपिलाची मुदत संपल्यावर कोयता परत मागता येईल. अर्ज करायचाय?"

"कुठं मागायचा?"

"त्याच ठाण्यात."

मी नको म्हटलं. त्या पहिल्यांदा हसल्या, अर्ध्याच. "आली म्हणायची अक्कल." मी पुन्हा वाकलो पाया पडायला आणि त्या पुन्हा मागं सरकल्या. पुढच्या पक्षकाराला हाक मारली. तोही माझ्यासारखाच, शर्टाची वरची गुंडी लावून आलेला. "थोडक्यात सांग," त्याला म्हणाल्या. मी जरा वेळ जिन्यात उभा राहिलो. काही द्यायचं होतं, काही बोलायचं होतं. त्यांना त्याची गरज नव्हती.

दाखल्याचा अर्ज भरला, त्याची पोच खिशात ठेवली आणि चौकशी फिरून त्याच ठाण्यात आली. मला बोलावलं. खोलीत गेलो तर टेबलामागं तोच. ठाण्यातल्या ठाण्यात काम बदलून चौकशीच्या कामावर बसला होता. मिशा थोड्या पांढऱ्या झालेल्या. त्यानं निकालाची नक्कल घेतली, सगळी वाचली. मी उभाच होतो.

"संशयाचा फायदा," तो म्हणाला. "म्हणजे संशय आहेच."

 बोलण्यासारखं पुष्कळ होतं. कोठडीतला दसरा होता, बागेतलं हसणं होतं, दोन पावसाळे होते.

"तुझ्या त्या बाईनं मला किती बोलून घेतलं, माहिती आहे? साहेबांनी वर खुलासा मागितला. सील का नाही केलं म्हणे." त्यानं पेन उघडलं. "दीपनगरला काय करणार?"

"राख उचलायची."

"तिथं पिशवी तपासतात."

"हो साहेब."

त्याला हवं ते लिहिता आलं असतं. इसमाबद्दल परिसरात चांगले मत नाही, असं एक वाक्य पुरे होतं. मला ते माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. त्यानं बराच वेळ घेतला. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडं फिरवला, सही करायला. मी वाचला. गुन्हा दाखल होता, न्यायालयाने निर्दोष मुक्त केले, सध्या काही प्रलंबित नाही. जे होतं तेच, कमी नाही, जास्त नाही.

"उपकार झाले साहेब," मी म्हणालो.

माझ्या तोंडून आपोआप गेलं. ज्या माणसानं मला पिशवीसकट उचललं, त्याला मी हात जोडत होतो आणि ते मनापासून होतं. त्यानं मान वर केली नाही. "पुढचा," म्हणाला.

दाखला आला, पासही मिळाला. त्यावर मी रोज आत जातो. पण ठाण्यातून निघालो त्या दुपारी तो मिळेल की नाही याची कोणालाच खात्री नव्हती. मी भुसावळच्या गाडीत बसलो, खिडकीशी. गाडी सुटल्यापासून मी त्या हवालदाराला मनातल्या मनात शिव्या देत होतो, आमच्याकडच्या, ज्या इकडच्या कोणाला कळल्या नसत्या. आणि गाडी थांबली की खिशावर हात ठेवून, अर्जाची पोच अजून आत आहे ना, ते चाचपून पाहत होतो.